शेंड्यावरचा ताप

१९३२ साली ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातल्या कनान खोऱ्यात माणसे पीतज्वराने आजारी पडू लागली. हुडहुडी भरून ताप, पाठदुखी, मग एखादा दिवस बरे वाटायचे आणि ताप पुन्हा उसळायचा. डोळे आणि कातडी पिवळी पडायची, हिरड्यांतून रक्त यायचे, काळी उलटी व्हायची. रोगाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. तपासाला आलेल्या पथकाने घराघरांतली पाण्याची भांडी पालथी घातली. त्यांना हवा होता एडीस इजिप्ती हा डास. तो काही सापडेना.

त्या काळच्या विज्ञानाला ही गोष्ट पचणारी नव्हती. पीतज्वर डासामुळे पसरतो हे क्युबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये सांगितले होते. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी पथकाने हवानात ते प्रयोगाने सिद्ध केले. त्या प्रयोगांच्या काळात पथकातले जेसी लाझीअर पीतज्वरानेच गेले. पुढची वाट सरळ वाटत होती. एडीस इजिप्ती हा घरातला डास. तो साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, माणसाच्या आसपास राहतो, माणसालाच चावतो. साठवणीचे पाणी झाका, ओता, त्यावर तेल घाला, की रोग संपला. या मार्गाने हवाना स्वच्छ झाले, पनामा कालव्याचे काम पुरे झाले आणि ओस्वाल्दो क्रूझ यांनी रिओ दि जानेरोतला पीतज्वर आटोक्यात आणला. एडीस इजिप्ती नाही तिथे पीतज्वर नाही, हा सिद्धान्त पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

कनान खोऱ्याने तो खोटा ठरवला. ब्राझीलमधल्या मोहिमेचे प्रमुख फ्रेड सोपर हे रॉकफेलर फाउंडेशनचे डॉक्टर होते आणि एडीस इजिप्तीचे हाडवैरी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये या साथीचा अहवाल छापला. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये आणखी एक व्यवस्था सुरू होती. थोड्या दिवसांच्या तापाने कुणी दगावले तर मृताच्या यकृताचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवायचा. गावकऱ्यांना हा प्रकार मुळीच आवडत नसे आणि नमुने घेणाऱ्यांना विरोधही सोसावा लागे. पण त्या तुकड्यांनी नकाशा बदलून टाकला. शहरांतून रोग गेला असे समजून सगळे निर्धास्त असताना, तो दूरच्या जंगलाकाठी दरवर्षी माणसे मारत होता. मरणारे बहुतेक पुरुष होते, कामाच्या वयाचे, आणि जंगलात लाकूड तोडणारे किंवा शेतासाठी रान साफ करणारे.

खरे तर सूचना आधीही मिळाल्या होत्या. १९०७ मध्ये कोलंबियातल्या मुसो इथल्या पाचूच्या खाणींत ताप पसरला, तेव्हा रोबेर्तो फ्रांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले होते की मजुरांना हा ताप दिवसा, जंगलात काम करताना लागतो. १९१४ मध्ये अँड्र्यू बाल्फोर यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्रिनिदादमधले जुने लोक सांगतात, की रानात तांबडी हाउलर माकडे मरून पडू लागली की पीतज्वर येणार हे ओळखावे. डॉक्टरांनी ते वाचले आणि सोडून दिले. रानात वावरणाऱ्या माणसांचे निरीक्षण शास्त्राच्या दोन पावले पुढे होते.

झाड पडले, डास उतरले

रानातला पीतज्वर कोण वाहून नेतो, याचे उत्तर मिळायला आणखी काही वर्षे गेली. १९३८ मध्ये ब्राझीलच्या जंगलात पकडलेल्या हीमॅगॉगस जातीच्या डासांत विषाणू सापडला. पण हा डास माणसाला नेमका गाठतो कुठे? जंगलात जमिनीवर बसून डास पकडले तर हीमॅगॉगस हाती लागे तो अगदी तुरळक.

कोलंबियाच्या पूर्व भागात होर्हे बोशेल हे डॉक्टर याच प्रश्नामागे होते. एकदा लाकूडतोडे मोठे झाड पाडत असताना ते तिथे उभे होते. झाड कडकडत आडवे झाले आणि निळ्या चकचकीत डासांचा थवा माणसांभोवती घोंगावू लागला. काही क्षणांपूर्वी तिथे एकही डास नव्हता. मग लोकांना झाडांवर चढवून वेगवेगळ्या उंचीवर डास पकडले गेले आणि चित्र उलगडले. हीमॅगॉगस राहतो शेंड्यावर, फांद्यांच्या छतात. तो चावतो भर दिवसा, उन्हाच्या वेळी. अंडी घालतो झाडांच्या ढोलीत साठलेल्या पाण्याच्या काठावर. आणि त्या छतात रक्त मिळते ते मुख्यतः माकडांचे.

माणूस या व्यवहारात नव्हताच. तो जमिनीवर चालत होता, रोग तीस-चाळीस मीटर उंचीवर फिरत होता. कुऱ्हाडीने ते अंतर एका क्षणात मिटवले. झाड पडते तेव्हा छतातले डास झाडाबरोबर खाली येतात, माकडे पळालेली असतात, आणि समोर घामेजलेला माणूस असतो. जंगलाच्या कडेलाही हेच होते. जिथे रान संपून शेत सुरू होते तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचते आणि शेंड्यावरचा डास त्या उजेडाबरोबर खाली उतरतो. मरणाऱ्यांत पुरुष जास्त का होते, याचे कारण त्यांच्या शरीरात नव्हते. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती, एवढ्यातच ते होते.

थांबला तो संपला

हा विषाणू फार थोडक्या वेळाचा पाहुणा आहे. माकडाला किंवा माणसाला डास चावला की तीन ते सहा दिवसांत ताप येतो. रक्तात विषाणू डासाला पुरेल इतका असतो तो जेमतेम काही दिवस. त्यानंतर प्राणी एक तर मरतो, नाही तर बरा होतो, आणि बरा झालेल्याला पुन्हा हा रोग आयुष्यभर होत नाही. म्हणजे त्या काही दिवसांत डास चावला तरच विषाणूची पुढची सोय. डासाच्या पोटात गेलेल्या विषाणूला तिथून लाळग्रंथींपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तोवर डास जगला, तर मात्र तो मरेपर्यंत विषाणू वाटत राहतो.

या हिशेबाचा परिणाम विचित्र आहे. एका जंगलातली माकडे एकदा आजारी पडून गेली की तिथे विषाणूला घर उरत नाही. त्याला पुढच्या जंगलात जावेच लागते. म्हणून रानातला पीतज्वर एका जागी मुक्काम करत नाही, वणव्यासारखा सरकत जातो आणि मागे जळालेले रान सोडतो. १९४८ च्या अखेरीस पनामा शहराच्या पूर्वेला पाकोरा भागात काही माणसे पीतज्वराने मेली. त्या देशात हा रोग कित्येक दशके दिसला नव्हता. पुढली सात-आठ वर्षे ही लाट पनामा, कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरास करत उत्तरेला सरकली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात ग्वाटेमालाच्या जंगलांपर्यंत पोचली. हॅरॉल्ड ट्रापिडो आणि पेद्रो गालिंदो या शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला. लाट कुठवर आली हे त्यांना कळे ते मुख्यतः मेलेल्या हाउलर माकडांवरून आणि गप्प झालेल्या जंगलांवरून.

हाउलर हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले सर्वांत मोठ्या आवाजाचे माकड. सकाळी कळपाने ओरडू लागले की दोन-तीन किलोमीटरवर ऐकू जाते. पीतज्वरापुढे मात्र ते अत्यंत दुबळे आहे. त्याच जंगलातल्या कॅपुचिन माकडांना विषाणू लागतो, पण ती सहसा मरत नाहीत. हाउलर कळपच्या कळप मरतात. म्हणूनच रोगाची खबर सगळ्यांत आधी तीच देतात.

मग इतक्या वेगाने स्वतःचे घर जाळणारा विषाणू टिकतो कसा? एक कारण विस्तार. ॲमेझॉनचे जंगल इतके मोठे आहे, की लाट कुठे ना कुठे चालूच असते. दुसरे कारण वेळ. जळालेल्या रानात सात-दहा वर्षांत माकडांची नवी पिढी जन्मते, तिला हा रोग झालेला नसतो, आणि लाट परत येऊ शकते. तिसरे कारण डासाची अंडी. ढोलीतले पाणी आटले तरी हीमॅगॉगसची अंडी कोरडी राहून पुढच्या पावसापर्यंत तग धरतात, आणि काही वेळा मादीकडून विषाणू अंड्यात उतरतो.

केळीच्या बागेतली गाठ

अटलांटिकच्या पलीकडे, युगांडात, हीच गोष्ट वेगळ्या पात्रांनिशी चालली होती. १९३६ मध्ये एंटेबे इथे पीतज्वर संशोधन संस्था सुरू झाली. तिचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर हॅडो यांनी काँगोच्या सीमेवरच्या बवांबा भागात झाडांवर मचाणे बांधून चोवीस तास, वेगवेगळ्या उंचीवर डास पकडायला माणसे बसवली. त्यातून दिसले की एडीस आफ्रिकानस हा डास सूर्यास्तानंतर शेंड्यांवर चावायला निघतो, नेमका तेव्हाच जेव्हा माकडे झोपायला उंच फांद्यांवर गेलेली असतात. माकडांत विषाणू फिरत ठेवणारा तो हाच.

पण हा डास गावात येत नव्हता, आणि गावकरी रात्री शेंड्यावर जात नव्हते. तरी गावकऱ्यांच्या रक्तात पीतज्वराची प्रतिपिंडे सापडत होती. मधला दुवा केळीच्या बागेत निघाला. बवांबात घराभोवती केळी असतात. केळीचे पान खोडाला जिथे फुटते त्या बेचक्यात पावसाचे पाणी साठते, आणि त्या ओंजळभर पाण्यात एडीस सिम्प्सोनी नावाचा दुसराच डास वाढतो. तो दिवसा चावतो. रानातली माकडे दिवसा केळी खायला बागेत उतरतात. रात्री शेंड्यावर विषाणू घेतलेले माकड सकाळी केळीवर येते, तिथे सिम्प्सोनी त्याला चावतो, आणि पंधरवड्याने तोच डास बागेत काम करणाऱ्या बाईला किंवा शेजारी खेळणाऱ्या पोराला चावतो.

अमेरिकेत माणूस झाडाकडे गेला, आफ्रिकेत माकड झाडावरून माणसाकडे आले. दोन्हीकडे गाठ पडली ती रान आणि शेत यांच्या सीमेवर. याच साखळीचे उग्र रूप १९६० ते १९६२ या काळात इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागात दिसले. तिथे सुमारे एक लाख लोकांना लागण झाली आणि तीस हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. त्या साथीत अनेक ठिकाणी एडीस इजिप्ती नव्हताच, सिम्प्सोनी पुरेसा ठरला.

कुणी कुणाला दिला?

आफ्रिका आणि अमेरिका यांच्यातला एक फरक मात्र सगळ्या कहाणीचा रोख बदलतो. आफ्रिकेतल्या माकडांना पीतज्वराचा विषाणू लागतो, रक्तात फिरतो, आणि माकड बहुधा काहीच न होता बरे होते. अमेरिकेतले हाउलर मरते. एकच विषाणू, मग हा फरक का? एखाद्या प्राण्याबरोबर एखादा विषाणू हजारो वर्षे राहिला की दोघांचा मेळ बसतो. आफ्रिकेतल्या माकडांशी तसा मेळ बसलेला दिसतो. अमेरिकेतल्या माकडांना विषाणू नवा आहे.

विषाणूच्या जनुकांची तुलना केल्यावर हेच निष्पन्न झाले. अमेरिकेतला पीतज्वराचा विषाणू पश्चिम आफ्रिकेतल्या विषाणूपासून साधारण तीन-चारशे वर्षांपूर्वी फुटलेला आहे. तो काळ गुलामांच्या व्यापाराचा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोंबून भरलेल्या जहाजांत माणसांबरोबर पाण्याची पिंपे असत आणि पिंपांत एडीस इजिप्तीच्या अळ्या. १६४७ मध्ये बार्बाडोसला आणि १६४८ मध्ये युकातानला पीतज्वराच्या साथी झाल्याची नोंद आहे. बंदरांतून रोग शहरांत शिरला, शहरांतून जंगलाच्या काठावर, आणि तिथल्या डासांमार्फत माकडांत. तिथे तो कायमचा राहिला.

म्हणजे अमेरिकेच्या जंगलातल्या माकडांना पीतज्वर माणसाने दिला. आज हाउलर मेले की गावात भीती पसरते, ती भीती साडेतीनशे वर्षांपूर्वी माणसाने केलेल्या एका अमानुष व्यापाराचे व्याज आहे.

या कहाणीत भारतातल्या माकडांचाही भाग आहे, आणि तो थोडाथोडका नाही. १९२०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत शास्त्रज्ञ पीतज्वराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. आफ्रिकेतल्या माकडांना रुग्णाचे रक्त टोचले तरी काही होत नव्हते. कारण वर आलेच आहे. शेवटी १९२७ मध्ये आजच्या घाना देशातल्या असिबी नावाच्या तापकरी तरुणाचे रक्त भारतीय ऱ्हीसस माकडाला टोचले गेले. माकड काही दिवसांत पीतज्वराने मेले. आशियातल्या माकडांची या रोगाशी कधी ओळखच नव्हती, म्हणून ते मेले. आणि ते मेले म्हणून विषाणू हाती आला. असिबी बरा झाला. संशोधक एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी याच रोगाने गेले, पुढच्या वर्षी हिदेयो नोगुची आणि विल्यम यंग. असिबीच्या रक्तातून आलेला तो विषाणू पुन्हा पुन्हा वाढवत मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये १७डी ही लस तयार केली. १९५१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा टोचली की आयुष्यभर पुरणारी ही लस आजही तीच आहे.

ऱ्हीसस माकडांचे काम तिथे थांबले नाही. पीतज्वराची खबर मिळावी म्हणून एंटेबेजवळच्या झिका जंगलात झाडांवरच्या मचाणांवर पिंजऱ्यांत ऱ्हीसस ठेवली जात. १९४७ च्या एप्रिलमध्ये ७६६ क्रमांकाच्या माकडाला ताप आला. त्याच्या रक्तात निघाला तो पीतज्वर नव्हता, एक नवाच विषाणू होता. त्याला त्या जंगलाचेच नाव मिळाले. सुमारे सत्तर वर्षांनी झिकाने ब्राझीलमध्ये हजारो नवजात बाळांना जन्मजात व्यंग दिले, आणि त्यानंतर काही वर्षांत तिथल्या शहरांभोवतीच्या मेलेल्या माकडांत झिकाच्या खुणा सापडल्या. माकडांकडून माणसाकडे आणि माणसाकडून पुन्हा नव्या माकडांकडे, हा रस्ता दुहेरी आहे.

२०१६ चा उन्हाळा

ब्राझीलमध्ये १९४२ नंतर शहरी पीतज्वराची साथ झालेली नाही. १९५८ मध्ये तर एडीस इजिप्ती देशातून नष्ट झाल्याचेही जाहीर झाले होते. पुढे तो परत आला आणि त्याने डेंग्यू आणला, पण पीतज्वर मुख्यतः ॲमेझॉनच्या बाजूला राहिला. किनाऱ्यालगतच्या दाट वस्तीच्या पट्ट्यात धोका नाही असे धरून तिथल्या लोकांना ही लस टोचायची शिफारस नव्हती.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, मिनास जेराइस राज्यात माणसे पीतज्वराने मरू लागली. हाउलर माकडे त्याआधीपासून मरत होती. लाट पूर्वेला एस्पिरितो सांतोत, मग रिओ आणि साओ पाउलो राज्यांत शिरली. २०१८ च्या मध्यापर्यंत दोन हजारांहून अधिक माणसांना लागण झाल्याचे सिद्ध झाले आणि त्यांतली सातशेहून अधिक मेली. ब्राझीलमधली ही कित्येक दशकांतली सर्वांत मोठी साथ होती.

सगळ्यांच्या जिवाला घोर होता तो एकाच प्रश्नाचा. साओ पाउलो आणि रिओ या कोट्यवधी वस्तीच्या महानगरांत एडीस इजिप्ती भरपूर आहे. विषाणू त्याच्या हाती पडला तर? शास्त्रज्ञांनी माणसांतल्या आणि माकडांतल्या विषाणूंची जनुके वाचली, रुग्णांचे वय, लिंग आणि घरापासून जंगलाचे अंतर तपासले. निष्कर्ष निघाला की रुग्ण प्रामुख्याने जंगलाशी संबंध असलेले प्रौढ पुरुष आहेत आणि प्रत्येक लागण रानातल्या साखळीतून गळून पडलेली आहे. शहरी साखळी सुरू झालेली नव्हती. १९३२ च्या कनान खोऱ्यात जे दिसले होते तेच, फक्त आता जंगलाच्या तुकड्यांना महानगरे येऊन भिडली होती.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये साओ पाउलो शहरातल्या ओर्तो फ्लोरेस्ताल उद्यानात एक हाउलर मेलेले सापडले. त्यात पीतज्वर निघाला. उद्याने बंद झाली आणि भोवतालच्या वस्त्यांत माणूस आजारी पडायच्या आत लसीकरण सुरू झाले. लशी कमी होत्या, म्हणून २०१८ च्या जानेवारीपासून एक मात्रा पाच जणांत वाटण्याची मोठी मोहीम निघाली. असाच उपाय २०१६ मध्ये काँगोच्या किन्शासा शहरात केला गेला होता. पुढली लाट कोणत्या जंगलपट्ट्यातून जाईल याचा अंदाज मेलेल्या माकडांच्या नोंदींवरून बांधून साओ पाउलो राज्याने त्या दिशेच्या गावांत आधीच लस नेली. हे शक्य झाले एका हाउलरमुळे आणि त्याचे कलेवर पाहून कळवणाऱ्या माणसामुळे.

चोर सोडून संन्याशाला फाशी

माकडांची किंमत मात्र फार मोठी होती. मिनास जेराइसमधल्या काराटिंगा इथे कॅरन स्ट्रायर १९८०च्या दशकापासून मुरीकी या दुर्मीळ माकडांचा अभ्यास करत आहेत. साथीनंतर तिथले हाउलर जवळपास दिसेनासे झाले. रिओ राज्यातली सोनेरी सिंहमुखी टॅमरिन ही जगात दुसरीकडे कुठेच जंगली न आढळणारी छोटी माकडे. २०१४ मध्ये ती सुमारे ३,७०० होती. २०१९ पर्यंत २,५०० वर आली.

त्यावर माणसांनी भर घातली. माकडांमुळे रोग येतो अशी समजूत पसरली आणि लोकांनी माकडांना काठ्यांनी मारले, विष घातले. रिओ राज्यात मेलेल्या अनेक माकडांच्या अंगावर मारहाणीच्या खुणा मिळाल्या. त्यांतली कित्येक पीतज्वराशी संबंध नसलेली मार्मोसेट होती. २००८-०९ मध्ये दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातही हेच घडले होते. तिथे दोन हजारांहून अधिक हाउलर मेल्याची नोंद झाली, आणि उरलेल्यांना लोकांनी मारू नये म्हणून प्राणिशास्त्रज्ञांना प्रचार करावा लागला.

माकड मारून काय साधते? माकड थेट माणसाला पीतज्वर देऊ शकत नाही. मध्ये डास लागतोच. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू असतो तो काही दिवस, तर डास तो मरेपर्यंत वाहतो. आणि डास पकडून विषाणू शोधायला वेळ लागतो, पण मेलेले माकड कुणालाही दिसते. माकडे मारून टाकली की रोग जात नाही, फक्त तो आल्याचे कळायचे बंद होते. पुढची खबर मग माणसाच्या मरणाने मिळते.

ब्राझीलच्या आरोग्य खात्याने हे ओळखून १९९९ पासून माकडांच्या मृत्यूंवर नजर ठेवायला सुरुवात केली आहे. फिओक्रूझ संस्थेने त्यासाठी मोबाइल ॲप काढले. त्यावर कुणीही मेलेल्या प्राण्याची जागा आणि फोटो पाठवू शकतो. २०२१ पासून सोनेरी टॅमरिनांना पकडून पीतज्वराची लस टोचायला सुरुवात झाली. जंगली माकडांना लस हा कल्पनेतला उपाय वाटतो, पण तो चालला. शेकडो टॅमरिनांना लस दिली गेली, जंगलाचे तुटके तुकडे जोडले गेले, आणि २०२३ च्या गणनेत त्यांची संख्या सुमारे ४,८०० भरली. माणसाने दिलेल्या रोगावर माणसानेच शोधलेली लस माकडांपर्यंत पोचायला चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

पनामातून पुण्यात

मध्य अमेरिकेत मेलेल्या हाउलरांचा माग काढणारे हॅरॉल्ड ट्रापिडो आणि कोलंबियात पडत्या झाडाखाली उभे राहिलेले होर्हे बोशेल हे दोघेही पुढे पुण्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले होते. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासानूर जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली, आणि जवळच्या गावांत माणसे तापाने फणफणली. मेलेली माकडे आणि ताप ऐकल्याबरोबर पहिली शंका आली ती पीतज्वराची. आशियात कधीच न शिरलेला रोग भारतात आला की काय?

तो पीतज्वर नव्हता. विषाणू त्याच घराण्यातला निघाला, पण वाहक डास नव्हता. जंगलातल्या गोचिडी होत्या. बाकी सगळी रचना ओळखीची होती. रान आणि शेत यांची सीमा, मरणारी माकडे, लाकूडफाटा आणायला जाणारी माणसे. आपण ज्याला माकडताप म्हणतो तो हाच. कर्नाटकातून तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पोचला, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठू लागला.

पीतज्वर मात्र आजवर भारतात आलेला नाही. एडीस इजिप्ती आपल्या घराघरांत आहे, माकडे गावोगाव आहेत. २०१६ मध्ये अंगोलातल्या साथीतून चीनमध्ये ११ रुग्ण परतले, तेव्हा विमानाने हे अंतर किती कमी केले आहे ते सगळ्या आशियाला कळले. म्हणूनच पीतज्वराच्या देशांतून लशीच्या दाखल्याशिवाय येणाऱ्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत नोकरीला, व्यापाराला निघालेल्यांनी ही लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. तो कागदी सोपस्कार नाही. रोगाविरुद्ध आपल्याकडे असलेली ती मुख्य तटबंदी आहे.

आणि सह्याद्रीत, कोकणात किंवा गोव्यात रानाकाठी राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बागेजवळ माकड किंवा वानर मेलेले दिसले तर त्याला हात लावू नये, परस्पर पुरून टाकू नये. वनखात्याला आणि जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. आणि जिवंत माकडांना या कारणासाठी मारू नये, कुणाला मारूही देऊ नये.